जो ओरडेल तो जिंकला

आबा, परवा माझ्या पायावर उकळतं तेल सांडलं आणि मला कळलं नाही.

नेरूळला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. तुम्ही ते बघितलेलं नाही, तुम्ही गेल्यावर पंधरा वर्षांनी मी ते काढलं. शनिवारी आमच्याकडे पुऱ्यांचा बेत असतो, दुपारी अकरा-साडेअकराला नुसती झुंबड उडते. झाऱ्यावरची पुरी निथळायच्या आधीच मी ताटात टाकायला वळले आणि तेल डाव्या पायावर, अंगठ्याच्या मुळाशी पडलं. तिघी बाया कामाला आहेत, त्यातली एक माझ्या जोडीला असते, माझ्याच वयाची, मराठवाड्याकडची. जीभ अशी की हिरवी मिरची परवडली. ती किंचाळली, "ओ ताई, पाय! पायावर तेल सांडलंय की तुमच्या!" मी खाली बघितलं. कातडी लाल झाली होती, रुपयाच्या नाण्याएवढी. मी म्हटलं, "काही नाही गं, सवय झालीय," आणि पुढची पुरी सोडली. पुरी फुगली, मी ती उलटली आणि मग झारा तसाच धरून थांबले. कारण 'सवय झालीय' हे शब्द माझे नव्हतेच. तुमचे होते. सूरसुद्धा तुमचाच.

मला साखर आहे, आबा. नऊ वर्षं झाली. तुम्हाला आश्चर्य वाटायचं नाही. म्हणाल, बापाचं नाक घेतलंस, बापाची साखर बी घेतलीस. गोळ्या वेळेवर घेते, भात सोडलाय म्हणते आणि निम्मा खाते, महिन्यातून एकदा रक्त तपासते. ह्या सगळ्याचा मला गर्वही आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या फोडानं माझी झोप उडवली. काल मी इथल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. पोरगी तरुण आहे, पण माया आहे तिच्या हाताला. पाय तपासून 'ठीक आहे' म्हणाली. सगळ्यांना मी तेच सांगितलं, ठीक आहे. तरी आज दुपारची गर्दी ओसरल्यावर ऑर्डरची वही पुढे ओढून मी तुम्हाला लिहायला बसले आहे, कारण काल तिथे एक गोष्ट झाली ती मी कुणाला सांगितलेली नाही. ती शेवटी सांगते. एकदम सांगायचा धीर होत नाही. आधी तुमच्याबद्दल बोलू दे, म्हणजे तोंड उघडेल.

मी दहा वर्षांची असेन. उन्हाळ्याची सुट्टी, आणि आई मला घेऊन घणसोलीहून तुमचा डबा द्यायला मार्केटला आलेली. कांदा-बटाटा मार्केटात तुमची हमालांची टोळी एका गाळ्यासमोर रिकाम्या गोण्यांवर बसली आहे. सकाळपासून गाड्या खाली करून अंग मातीनं आणि कांद्याच्या सालींनी माखलंय. तुम्ही सगळे अनवाणी. कुणी विचारलं तर तुम्ही सांगायचात की कांद्याच्या सालीवर चप्पल सरकती, पाय सरकत न्हाई, आणि पाठीवर गोणी असताना सरकलं तर मानच मोडायची. म्हणून टोळीत नवा माणूस आला की आधी त्याच्या तळव्याकडे बघायचे. मऊ तळवा म्हणजे अजून कच्चा. भेगाळलेला, दगडासारखा तळवा म्हणजे पक्का हमाल. आणि कच्चा कोण, पक्का कोण हे ठरवायला तुमचा तो खेळ होता, दाभणाचा. गोणीचं तोंड शिवायची ती लांब सुई. एकानं पाय लांब करायचा, दुसऱ्यानं तळव्याला दाभणाचं टोक लावून हळूहळू दाबायचं. जो 'आई गं' करेल तो हरला, त्यानं सगळ्या टोळीचे डबे घासायचे.

त्या दिवशी तुमची पाळी होती. टोळीतले ते धिप्पाड काका, दोन गोण्या एकदम उचलणारे, दाभण घेऊन बसले. तुम्ही तळहातावर तंबाखू मळत होतात. मळून झाली, चिमूट ओठात ठेवली आणि म्हणालात, "आरं टोच की लेका, कवाधरनं वाट बघतोय." काका क्षणभर बघतच राहिले. मग त्यांनी दाभण वर धरलं. टोकाला रक्त होतं. त्यांचं टोचून कधीच झालं होतं! काय हसले सगळे, आबा. गाळ्यावरचा शेठसुद्धा बाहेर आला. तुम्हाला खांद्यावर घेतलं, "ह्याला म्हनत्यात पाय!" म्हणाले. तुम्ही हसत होतात, आई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि मी... माझा बाप जगातला सगळ्यात पक्का माणूस आहे ह्या आनंदात मी परत जाताना वाटभर उड्या मारल्या. शाळा सुरू झाल्यावर वर्गात सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. एकीनं विश्वास ठेवला नाही, तिच्याशी मी महिनाभर बोलले नाही.

त्याच उन्हाळ्यात तुम्ही घरी आल्यावर कळशीभर पाणी प्यायचात. आई म्हणायची, गरमी किती आहे. रात्रीतनं चार-चार वेळा उठायचात, तर आई म्हणायची, एवढं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार. धोतराची गाठ सैल व्हायला लागली तर तुम्हीच म्हणालात, ओझ्यानं चरबी झडली. प्रत्येक गोष्टीला आपल्याकडे उत्तर तयार होतं बघा. कुणाला काही दुखत नव्हतं ना, मग झालं. आपल्या घरात आजाराला एकच माप होतं, दुखतंय का? दुखत असेल तर आजार, नसेल तर खुशाल कामाला जा.

घणसोली गावातली आपली ती भाड्याची खोली आठवते? मागे चिकटून दुसरं घर, पुढे चिकटून तिसरं, आणि मधल्या पडवीत घरमालकिणीची शहाबादी फरशी, जी ती दिवसातनं दोनदा पुसायची. आगरी म्हातारी, आवाज असा की खाडीपलीकडे ऐकू जावा. एका संध्याकाळी तुम्ही कामावरनं आलात, आत जाऊन पाणी प्यायलात, आणि बाहेर तिचा आवाज, "आगो पोरी, ह्या रगत कोनाचा हाय?" मी बाहेर गेले. दारापासून पडवीभर लाल पावलं उमटली होती. एकाच पायाची. लक्ष्मीची काढतात तशी, फक्त मोठी. आईनं तुमचा पाय मांडीवर घेतला तर तळव्यात गाडीच्या फळीचा खिळा, मुडपून आत गेलेला. तुम्ही म्हणालात, "आयला, ह्यो कवा घुसला?" आणि हसलात. म्हातारी मात्र हसली नाही. ती तिथेच उभी राहून म्हणाली, "खिला घुसलान् तरी कलला नाय? ह्या बरा नाय हो. दवाखान्यान् न्या तेला." तुम्ही म्हणालात, "सवय झालीया." आईनं हळद भरली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर गेलात. त्या म्हातारीचे आभार मी कधी मानले नाहीत. तिचं तेव्हाच ऐकलं असतं तर तुमचा अंगठा राहिला असता.

पंधरा दिवसांनी अंगठा काळा पडला. वास यायला लागला तेव्हा कुठे सरकारी दवाखान्यात गेलात, तेही टोळीतल्या काकांनी रिक्षात कोंबलं म्हणून. मी आईबरोबर होते. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलणारे. रक्ताचा कागद त्यांनी बघितला आणि खिशातनं एक पेनासारखी दांडी काढली, तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक धागा. म्हणाले, "डोळे मिटा. पायाला काही लागलं की हो म्हणा." तुम्ही डोळे मिटलेत. डॉक्टर धागा टेकवत गेले, टाचेला, तळव्याला, बोटांना, आधी जखम असलेल्या पायाला, मग चांगल्या. बऱ्याच वेळानं तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "डॉक्टर, टोचा की, वाट बघतोय."

तेच शब्द. मला वाटलं आता सगळे हसतील. मी हसायला तोंडसुद्धा उघडलं होतं. डॉक्टरांनी धागा खिशात ठेवला आणि म्हणाले, "टोचून झालं हो. दोन्ही पाय झाले." तुम्ही डोळे उघडलेत. आधी डॉक्टरांकडे बघितलंत, मग स्वतःच्या पायांकडे, जसे काही ते कुणी दुसऱ्यानंच आणून ठेवलेत. तुमचा तो चेहरा मी विसरू शकत नाही. खांद्यावर घेऊन नाचवलेला माणूस आणि तो खेळच उलटा होता हे समजलेला माणूस, दोघं मी बघितलेत. मधे एक वर्षसुद्धा गेलं नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं, साखर काही एका दिवसात माणसाला खात नाही. वर्षानुवर्षं ती रक्तातनं फिरते आणि नसा हळूहळू बधिर करते, आणि सगळ्यात लांबच्या नसा आधी. म्हणून पायाची बोटं पहिली जातात. मला आता ते आमच्या सोसायटीच्या पाण्यासारखं वाटतं. टाकीत पाणी कमी झालं की सगळ्यात शेवटच्या घराचा नळ आधी सुकतो, बाकीच्यांना वाटतं सगळं आलबेल आहे. कालच्या डॉक्टरीणबाईंनाही मी हे सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, "काकू, हे मी पुढच्या पेशंटला सांगते."

अंगठा गेला, शेजारची दोन बोटं गेली. अंगठ्याशिवाय माणसाला पाठीवर ओझं घेऊन चालता येत नाही हे तेव्हा कळलं, तोल अंगठ्यावर असतो म्हणे. महिनाभर तुम्ही घरात भिंतीकडे तोंड करून पडलेले. मला तेव्हा तुमची भीती वाटायची. मग एके सकाळी टोळी आली, सगळीच्या सगळी, त्या बोळात मावेना. काका दारातनंच म्हणाले, "उठ रं. गोण्या कोन शिवनार? दाभन तुज्या नावानं ठेवलंय." बास, एवढंच. पुढे तुम्ही बसून गोण्यांची तोंडं शिवायचं काम केलंत. टोळीनं तुम्हाला टाकलं नाही ह्याबद्दल मी त्या माणसांची आजही ऋणी आहे.

पण आबा, मला खरं आभार मानायचेत ते तुम्ही त्यानंतर जे केलंत त्याबद्दल. मी ते बघितलं नाही, काकांकडनं ऐकलं, आणि इतक्या वेळा ऐकलं की आता वाटतं मी तिथेच होते. जेवणं झालेली, डबे रिकामे. कुणीतरी म्हणालं, चला, दाभण काढा. तुम्ही दाभण गोणीत खोचून ठेवलंत आणि खराट्याची एक काडी काढलीत. म्हणालात, "दाभन न्हाई. काडी. आन आता खेळ उलटा. जो वरडंल त्यो जिकला. जो गप ऱ्हाईल त्यानं डबं घासायचं." माणसं म्हणाली, आबाचं डोस्कं फिरलं. तुम्ही काकांनाच पुढे बसवलंत, त्यांचा पाय मांडीवर घेतलात आणि स्वतःच्या गमछानं त्यांचे डोळे बांधलेत. काका म्हणाले, "डोळं कशाला?" तर तुम्ही म्हणालात, "डोळं उघडं आसलं की समद्यांलाच कळतंय, गड्या." मग काडी टेकवत गेलात. दोन गोण्या उचलणारा तो माणूस वाट बघत बसला. शेवटी म्हणाला, "चल की, काय बसलाईस?" आणि ह्या वेळी कुणी हसलं नाही. तुम्ही त्यांच्या डोळ्यांवरचा गमछा सोडलात, हाताला धरलंत आणि तसेच, अर्ध्या पायानं लंगडत, त्यांना दवाखान्यात घेऊन गेलात. त्यांची साखर तुमच्याहून जास्त निघाली.

अमावास्येला मार्केट बंद असायचं, म्हणून त्यानंतर दर अमावास्येच्या आदल्या दिवशी टोळीत काडीचा खेळ व्हायचा. डोळे बांधून. टोळीत पैज लागायची कोण जास्त मोठ्यानं ओरडतो. मागच्या गाळ्यातले लोक विचारायचे, काय मारामारी चाललीय का? जो गप्प राहायचा त्याला तुम्ही डबे घासू द्यायचात आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायचात, नाही म्हणाला तर कॉलर धरून. काका अजून आहेत, आबा. थकलेत, कानानं कमी ऐकतात, पण पायाची दहाची दहा बोटं शाबूत आहेत. महिन्यातनं एकदा लेकाकडे नेरूळला आले की माझ्याकडे येतात, दोन पोळ्या आणि पालेभाजी खातात, आणि जाताना गिऱ्हाइकांदेखत पाय पुढे करून म्हणतात, "बग, तुज्या बापानं राखल्यात." गिऱ्हाइकांना काही कळत नाही. मी मात्र वाकून त्या पायांना हात लावते.

तुम्ही मला एकदाच रागावलात. मी चौदा वर्षांची, आणि खो-खोच्या संघात. बुटानं टाचेला एवढा मोठा फोड आला होता आणि मी तो लपवून तीन सामने खेळले, कारण तुमची लेक ना मी, न रडणारी. लहानपणी लस टोचायला नेलं की मी रडायचे नाही म्हणून तुम्ही मला खांद्यावरनं गावभर मिरवायचात. पदक घेऊन घरी आले, मोज्याला रक्त चिकटलेलं. तुम्ही मोजा काढलात, बघितलंत, आणि असे ओरडलात की बाहेर म्हातारीच्या हातनं फडकं पडलं. "दुकत हुतं का न्हवतं?" मी म्हटलं, "दुखत होतं." "मग वरडली का न्हाईस? त्वांड कशाला दिलंय देवानं? दुकतंय तवर नशीबवान हाईस, कळतंय का तुला? दुकलं की वरडायचं. मला सांग, आयला सांग, त्या म्हातारीला सांग, पन वरड!" मी रडायला लागले. मग तुम्ही खाली बसलात, माझी टाच हातात घेतलीत आणि हळू आवाजात म्हणालात, "चुकलं माजं. न रडन्याचं कवतिक मीच केलं." कुठला बाप मुलीला चुकलं म्हणतो, आबा? माझ्या मैत्रिणींच्या बापांपैकी तर एकही नाही. ते पदक कुठे गेलं ठाऊक नाही, तुमचं ते 'चुकलं' माझ्याजवळ आहे.

माझ्या लग्नात तुम्ही मला एक आरसा दिलात. लाल प्लॅस्टिकच्या चौकटीचा, दाढीचा. आईनं भांडी-कुंडी भरून दिली आणि तुम्ही गुपचूप ट्रंकेत वरती तो ठेवलात. तुम्ही रोज संध्याकाळी तोच जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरायचात आणि वाकून तळवा बघायचात, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "आबा, मला कशाला? मला कुठे साखर आहे?" तर म्हणालात, "बाईमानूस रोज त्वांड बगतंय. एकांद्या दिशी पाय बी बगावा." मी लग्नाच्या गडबडीत हसून सोडून दिलं. वीस वर्षं त्या आरशात कुंकू लावलं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या रक्ताचा कागद हातात आला तेव्हा तो पहिल्यांदा जमिनीवर ठेवला, आणि खूप रडले. पाय ठीक होता तेव्हा, तरी रडले.

अंगठा गेल्यावर तुम्ही अकरा वर्षं जगलात. साखरेनं आपलं काम चालूच ठेवलं. डोळ्यांत आतल्या आत रक्त पाझरायचं, मग दाभणात सुतळी ओवायला काका लागायचे. लेझर करून आलात की दिवसभर म्हणायचात, समदं धुरकट दिसतंय, पन तू दिसतीयास. मग पायांना सूज, मूत्रपिंड थकलं, डाळसुद्धा मापून. तुम्ही मात्र शेजारीपाजारी जे सांगतील ते सगळं प्यायलात. कारलं, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड. आणि गोळीही घेतलीत, ही खरी कमाल. आधी तुम्हीच म्हणायचात ना, दुखत नाही तर गोळी कशाला? शेवटच्या वर्षांत टोळीतल्या पोरांना सांगायचात, "दुकत न्हाई म्हनूनच घ्यायची."

तुम्ही गेलात तेही तसेच. भर दुपारी, गोण्या शिवता शिवता. काका सांगतात, तुम्हाला घाम फुटला होता, म्हणालात, "लई गरम हुतंय," आणि गोणीला टेकलात. छातीत कळ नाही, काही नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, साखरेनं हृदयाच्या नसाही बधिर होतात, झटका येऊन जातो आणि माणसाला कळतच नाही. सगळ्यांना वाटलं डुलकी लागली. काकांनी एक गोष्ट सांगितली ती मी जपून ठेवली आहे. टेकायच्या आधी तुम्ही हातातलं दाभण नीट गोणीत खोचलं होतंत. खाली पडून कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून.

तर आता माझं. चौदा वर्षं झाली केंद्राला. पहाटे पाचपासून दुपारी दोनपर्यंत मी शेगडीपुढे उभी असते, अनवाणी, कारण आईनं शिकवलं की जिथे अन्न शिजतं तिथे चप्पल घालायची नाही. तव्यावरची पोळी मी हातानं उलटते, आणि बाया म्हणतात, ताईंचे हात लोखंडाचे. मलाही ते आवडतं ऐकायला. केंद्रावर माझं घर चालतं, माझ्याबरोबर तीन बायांची घरं चालतात. मी उभी राहू शकले नाही तर काय, हा विचार मी काल दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्यांदा केला. आणि मग आत गेले. डॉक्टरीणबाईंनी फोड बघितला, विचारलं, "चटका बसला तेव्हा काय केलंत?" मी म्हटलं, "ओरडले की! केवढ्यानं ओरडले." सरळ खोटं. मग त्यांनी ड्रॉवरमधनं तशीच दांडी काढली, तसाच नायलॉनचा धागा. इतक्या वर्षांत ती वस्तू जराही बदललेली नाही. म्हणाल्या, "काकू, डोळे मिटा. लागलं की हो म्हणा." मी दहा वेळा 'हो' म्हटलं. त्यांनी कागदावर बरोबरची खूण केली, म्हणाल्या, "छान! ठीक आहे." मी पहिला नंबर आल्यासारखी बाहेर पडले.

ती तिखट बाई आत्ता भांडी आवरते आहे, आतनं विचारते, "ताई, किती वेळ लिहायलाव? कुणाला लिहायलाव?" मी म्हटलं, "बापाला." तिनं पुन्हा भांड्यांत हात घातला. तिलाही बाप नाही. ही पानं मी फाडून घरी नेईन आणि आरशामागे ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. पण भांडी झाली की तिला इथे स्टुलावर बसवणार आहे. कोपऱ्यात खराटा आहे. तिला म्हणेन, एक काडी काढ, आणि माझ्या पदरानं माझे डोळे बांध, घट्ट. तुमच्या खेळाला दोन माणसं लागतात. आणि उद्या तिलाच बरोबर घेऊन पुन्हा त्या डॉक्टरीण पोरीसमोर जाईन, स्वतःचे कान धरून.

कारण काल मी डोळे मिटले नव्हते, आबा. पापण्या किलकिल्या ठेवून बघत होते. तो धागा कुठे टेकतोय ते बघून हो म्हणत होते. डाव्या अंगठ्याला मला काहीसुद्धा कळलं नाही.

ओरडले बघा. पहिल्यांदा तुमच्यापाशी.